तेरावा सामना

डिसेंबरचा पहिला शनिवार.
आज सगळे खेळतायत,
आम्ही सोडून.

मी जर्सी धुतोय. धुतलेल्याच.
एकोणीस वर्षं सेंट ब्रेंडनच्या या तळघरात
मशीनच्या घरघरीवर मी हंगाम मोजतो:
सप्टेंबरचं गवत, ऑक्टोबरचा चिखल,
नोव्हेंबरात कोपरापाशी सुकलेलं रक्त,
आणि मग हा शनिवार,
ज्याला डागच पडत नाही.

बाकीच्यांना कॉन्फरन्स असते. गोतावळा असतो.
वर्षभर आपसात भांडतात,
शेवटी दोघं उरतात, त्यातला एक चषक उचलतो,
आणि घराणं मोठं असेल तर
प्लेऑफच्या पंगतीत त्याचं पान मांडलेलंच असतं.
आम्ही स्वतंत्र.
एकटा जीव सदाशिव.
टीव्हीचे पैसे कुणाशी वाटायचे नाहीत,
कुणाच्या बैठकीत जाऊन मान डोलवायची नाही.
ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका फादरचा हा ताठा
अजून जिन्यात फ्रेममध्ये टांगलाय.
काच तडकलीय, पण उतरवत कुणी नाही.

अकरा जिंकलो. एक हरलो.
कार्व्हर स्टेटच्या मैदानावर, भर पावसात,
अ‍ॅन्सेल्म व्होइटासची किक खांबावर आदळली.
बाकामागे मला ऐकू आलं ते:
रिकाम्या पातेल्यावर पळी आपटावी तसं.
कॉन्फरन्समधला पोरगा असता
तर आज त्याला तो आवाज पुसून टाकता आला असता.
दुष्काळात तेरावा महिना नको असतो कुणाला.
आम्ही मात्र तेराव्या सामन्यासाठी
काय वाटेल ते दिलं असतं.

वर लाउंजमध्ये पोरं टीव्हीला चिकटलीत.
ज्यांचं तोंड कधी पाहिलं नाही
त्या संघांसाठी घसा फोडतायत.
एकशे चाळीस किलोचा लेमेकी
गुडघे पोटाशी घेऊन बसलाय, परीक्षेच्या निकालाला बसावं तसा.
फादर किलगॅलन म्हणाले,
"कुणी हरावं अशी प्रार्थना मी करणार नाही."
मग चष्मा पुसत हळूच विचारलं,
"स्कोअर काय झाला?"

उद्या कुठल्याशा हॉटेलात
बंद दाराआड काही माणसं कॉफी पीत ठरवतील.
आम्ही कुणाला हरवलं ते बघतील,
आणि ते पुढे कुणाकुणाकडून हरले, तेही.
ऑफिसातल्या मर्ना प्रुइटने
एकेक सामना फोनवर मिळवलेला, सात-आठ वर्षं आधी.
तेव्हा ज्यांना बलाढ्य म्हणून बोलावलं
ते यंदा तीनच जिंकले.
यात तिचा काय दोष?
तरी ती दोन दिवस जेवली नाहीये नीट.

रविवार. बारा वाजून दहा मिनिटं.
टीव्हीवर जाहिरात चालू.
मर्नाचा फोन वाजला.
यादी फोनवर येत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत,
पण अख्खी खोली उभी राहिली.
अ‍ॅन्सेल्मने डोळे मिटले.

आयडाहोतलं कुठलंसं छोटं कॉलेज होतं.
आणखी नऊ वर्षांनी
सप्टेंबरचा दुसरा शनिवार
मोकळा आहे का, विचारत होतं.

मर्नाने वही उघडली, पानं उलटली,
"मोकळाच आहे," म्हणाली,
आणि पेन बाजूला ठेवून
शिसपेन शोधायला लागली.