डागडुजी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी
तालमीतलं काचेचं कपाट उघडतं.
हिंदुराव चिंच कोळून बसलेला,
मांडीवर ब्याऐंशी सालचा पितळी कप,
कपाच्या कानाखाली एक पोचा.
"मास्तर, ह्यो ठोकून काढायचा न्हाई.
पलीकडच्या पेठंतल्या शिवा वाइंगड्याच्या
डोस्क्याचा हाय ह्यो."

बत्तीस वर्षं मी कोल्हापुरात ग्रीस शिकवला
समुद्र न बघता.
रंकाळ्याकडे बोट दाखवून म्हणायचो, असाच, पण खारट.

तिथंही हेच, मी म्हणालो.
दोन गावं, मधे एक ओढा,
ओढ्याकाठच्या चार एकर गवतावरून भांडण.
भाषा एकच, शिव्यासुद्धा त्याच.
दोन्हीकडचे पुजारी एकाच देवाला कौल लावायचे
आणि देव दोघांनाही उजवा द्यायचा.

जव पिवळे पडले की
कुंभार, चांभार, तेल गाळणारे
भिंतीवरची ढाल काढून रांगेत उभे.
ढाल डाव्या हातात,
अर्धी आपल्याला, अर्धी डावीकडच्याला.
आपली उजवी कूस उघडी,
शेजारच्याच्या भरवशावर.
म्हणून चालता चालता अख्खी रांग
उजवीकडं सरकायची,
जो तो दुसऱ्याच्या ढालीत शिरायला बघायचा.

"आमच्या डिफेन्ससारखं," हिंदुराव म्हणाला,
"गोल सोडून समदे एका अंगाला."

दुपारच्या आत उरकायचं.
मग समोरून एक माणूस यायचा, हात रिकामे,
मेलेले मागायला.
मागणं हीच हरल्याची कबुली.
जिथं शत्रूनं पाठ फिरवली नेमक्या त्या जागी
जिंकलेले एक ओंडका रोवायचे,
त्याला शिरस्त्राण, चिलखत, ढाल चढवायचे.
उन्हात उभा
आत कुणी नसलेला माणूस.

पण ओंडका लाकडाचाच हं, हिंदुराव.
दगडाचा नाही, पितळेचा तर नाहीच.
कलला, वाळवी लागली, पावसानं कुजला
तरी डागडुजी करायची नाही.
तो टिकेल तेवढंच वैर टिकावं.

त्याचा हात थांबला.
चिंचेचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.
बाहेर पोरं पताका बांधत होती,
कुणीतरी शिडी धर म्हणून ओरडत होतं.

"आनि पाळलं का त्यांनी?"

मी चष्मा पुसला.
पुढं पुढं त्यांनीही दगडाचेच बांधले,
हे मी वर्गातसुद्धा
तास संपायची घंटा झाल्यावर सांगायचो.

बराच वेळ नुसता चिंचेचा वास.

"शिवा गेला की वैशाखात," तो म्हणाला.
"खांदा दिला मी.
त्येचा भाऊ म्हनला, तू उजव्या अंगाला ये."

आणि पोच्यात अंगठा घालून
घासायला लागला,
जपून,
दुखेल कुणाला तरी असं.