बसायची तालीम

चालायचं मला कोणी शिकवू नये.
साठी उलटल्यावरही रविनगरच्या मैदानावर
पहाटे पाचला, ऊन उठायच्या आत,
पाच हजार मीटर.
टाच, मग चवडा. टाच, मग चवडा.
कंबर अशी हलते की दूधवाला अजून हसतो.
काहून हसतो बे, म्हणते मी,
फिनलंडच्या शर्यतीला तुला नाही बोलावलं.

पण बारा तास बसायचं कसं?

डॉक्टर वैरागडेंनी पोटऱ्या दाबून पाहिल्या.
तेवीस वर्षं उमरेड-भिवापूर गाडीत
उभ्यानं तिकिटं फाडली, त्याची ही पावती:
गुडघ्यामागं निळ्या शिरा,
भिजलेल्या सुतळीसारख्या, गाठी-गाठीच्या.
"हेडाऊबाई, शर्यतीची मला काळजी नाही," ते म्हणाले,
"शर्यतीपर्यंत पोचायची आहे.
बसून राहिलं की रक्तही बसून राहतं."
आणि लिहून दिले घट्ट मोजे, गुडघ्यापर्यंतचे.

मे महिना. नागपूर. मोजे.
चढवायलाच वीस मिनिटं,
प्रणोती एका टोकाला, मी दुसऱ्या,
उशीला दोन मापं लहान अभ्रा घालावा तसं.

मग तालीम.
कूलरसमोर प्लॅस्टिकची खुर्ची,
तिच्यापुढं दुसरी, गुडघ्याला टेकेल इतकी जवळ.
कूलरची घरघर म्हणजे इंजिन.
"विमानात वाळ्याचा वास नसेल, आत्या,
ओलावाही नसेल. हवा एकदम कोरडी."
कोरडी होय? मग तसं सांग ना.
तहान लागायच्या आधी घोट घोट पाणी,
चहा कमी, नाकातोंडावरून दुपट्टा:
हे सांगायला डॉक्टर कशाला पायजे?
माझा जन्मच इथल्या मे महिन्यातला.

बसल्या जागी पावलांनी हवेत अक्षरं काढायची होती.
उजव्यानं क, ख, ग काढले.
डाव्यानं थांबे लिहिले:
दिघोरी, विहीरगाव, पाचगाव, उदासा, उमरेड.
भिवापूर येईस्तोवर पोटरीत ऊब उतरली.
(उदासाला कोणी चढलं नाही. तिथं कधीच कोणी चढत नसे.)

थायरॉईडच्या गोळ्या हातातल्या पिशवीत,
चिठ्ठीसकट, पाकिटातून न काढता.
मोठ्या बॅगेचा भरवसा नाही.
अख्ख्या वऱ्हाडाचं सामान
मी स्वतः एकदा चुकीच्या गाडीवर चढवलं होतं.

सोनेगावला तपासणीच्या ट्रेमधे कांदा निघाला.
पोरानं तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.
"मॅडम, हे?"
"लू लागू नये म्हणून."
त्यानं गुपचूप परत दिला.
त्याच्या खिशाकडं मी पाहिलं नाही.

विमान उठताना लिमलेटची गोळी चोखली,
तरी एक कान बंदच राहिला, दोह्यापर्यंत.

दुसऱ्या विमानात सगळे झोपले.
तोंडं उघडी, माना लटकलेल्या,
शेवटच्या गाडीतल्या मजुरांसारखी माणसं.
दीड तास झाला की मी उठायची.
वाट बसमधल्याइतकीच अरुंद,
दोन्ही बाजूंना बाहेर आलेले कोपर, चपला.
एकदा जोराचा धक्का बसला,
लोकांनी दचकून खुर्च्या धरल्या. मी नाही.
खड्डा आहे की गतिरोधक, ते पायाला कळतं.

आणि मग राहवेना.
बेचाळीसाव्या रांगेपासून पडद्यापर्यंत,
टाच, मग चवडा.

आमच्या खेळात दोन नियम.
टेकणारा गुडघा सरळ हवा
आणि एक पाय कायम जमिनीवर.
पंच वाकून वाकून बघतात,
दोन्ही सुटलेले दिसले की लाल पाटी.

भिंतीवरच्या पडद्यात आकडे हलत होते.
छत्तीस हजार फूट, बाहेर उणे पंचावन्न.
मी खाली बघितलं: मोजे, गालिचा.
पंच असता तर त्यानं काय लिहिलं असतं?

पडद्यामागून एक पोरगी आली,
काही हवंय का, खुणेनं विचारलं.
पाणी मागितलं, अर्धा ग्लास.
उभ्यानंच प्यायले,
ग्लास परत दिला
आणि वळले.