शून्यापाशी

केगावच्या रस्त्यावर डांबर मऊ झालंय.
पारा चव्वेचाळीसवर,
आणि मी तीन वर्षं ज्याच्या मागे आहे
ते जागं होतं चार केल्विनला.
म्हणजे उणे दोनशे एकोणसत्तर.
आम्मा विडीचं पान कापता कापता विचारते,
एवढं थंड कुठं असतंय, काश्मीरला?
तिथंही नाही गं.

धातूचं नाव डिस्प्रोशियम.
शोधणाऱ्यानं ठेवलेल्या नावाचा अर्थच
हाती लागायला अवघड.
आमच्याकडे बाटली यायला पाच महिने लागले,
बिलावर सही व्हायला सहा.

एका अणूच्या वर-खाली ऑक्सिजन दाबून बसवायचे,
कडेला जरा सैल सोडायचं.
नीट बसलं
तर एकच रेणू, एकटाच, चुंबक होतो.
उत्तर धरली की उत्तर.
शेजारच्याला विचारत नाही.

दाखव की, आम्मा म्हणाली.
कुपीत फिकट पिवळे खडे,
शेंगदाण्याच्या कुटाएवढे.
तिनं सुई जवळ नेली. सुई हलली नाही.
फ्रिजला पण चिकटत नाही?
नाही.
मग कशाचं चुंबक, म्हणत तिनं पुढचं पान ओढलं.

मे महिन्यात स्फटिक वाढत नाहीत.
मेथॅनॉल दुपारपर्यंत उडून जातं,
तळाला राहतो चुरा.
लाईट गेली की फ्रिजचाही भरवसा नाही.
शेवटी कुपी माठात ठेवली,
भोवती नानांच्या मागावरचा ओला टॉवेल,
काठाला एक धागा चुकलेला, म्हणून घरीच राहिलेला.
अकराव्या दिवशी काचेच्या कडेला
एक कोन दिसला.
मी कुणाला सांगितलं नाही.

द्रव हेलियम सोलापुरात नाही.
चिलवेरी काकूंचा जावई हैदराबादला निघाला होता,
त्याच्या डब्यात, शेंगाचटणीच्या शेजारी,
माझी कुपी गेली.

पंधरा दिवसांनी आलेख आला.
जाणारी रेष ज्या वाटेनं गेली
त्या वाटेनं परत आली नाही.
मधली फट म्हणजे आठवण.
आमच्या गल्लीतले राजलिंगम मामा तसेच.
मिलचा भोंगा बंद होऊन किती वर्षं झाली,
पाचला उठतात, चप्पल घालतात,
दारात उभे राहतात.
ओढणारं काही नाही.
ओढलं गेलेलं तेवढं उरलंय.

पण माझा रेणू मामांसारखा निघाला नाही.
शून्यापाशी दोन्ही रेषा एकमेकींत मिसळलेल्या,
डमरूची कंबर.
ओढ आहे तोवर धरून ठेवतो,
ओढ सरली की
डोंगर चढायच्या फंदातच पडत नाही,
आतून बोगद्यानं पलीकडे जातो
आणि उत्तरेचं दक्षिण करून बसतो.

बिराजदार सर म्हणाले, विरळ करून बघ.
एकोणीस भाग यट्रियम, एक भाग हा.
यट्रियम सगळं ह्याच्यासारखंच,
फक्त चुंबकाचं अंग नाही.
शेजाऱ्यांची कुजबुज थांबली
की म्हणे ध्यानात राहतं.
साखर पेठेत आमच्या दोन खोल्यांत सहा जण.
हसू आलं, पण केलं.
पुन्हा माठ, पुन्हा टॉवेल, पुन्हा जावई.

काल दुसरा आलेख आला.
शून्यापाशी नखाएवढी फट.

नाना मागाशी उभे होते, हातात गाठ मारायचा धागा.
किती वेळ धरून ठेवतंय म्हणे?
अठ्ठेचाळीस सेकंद.
ते काही बोलले नाहीत.
ओठ हलताना दिसले,
एक, दोन, तेलुगूत,
बोटं धाग्यावर तशीच थांबलेली.
वीसच्या पुढं मीही मोजायला लागले.
लाईट नव्हती, म्हणून माग गप्प होता,
म्हणून मोजता आलं.

बरंच आहे की, म्हणाले.