अंगठा

शेवटच्या सराव-पेपरात बासष्ट.
वही मिटली आणि आईशेजारी
ओले काजू सोलायला बसले.
विळीवर बी उभी चिरायची,
काडीने गर उचकायचा, पाण्यात टाकायचा.
आई काहीच विचारत नव्हती.
तिसरं शेकडं मोजेस्तोवर
पोटातला गोळा कधी विरला, कळलं नाही.
चिकाने बोटं मात्र सोलवटली.

पहाटे वेंगुर्ल्याहून पहिली एसटी,
कुडाळचं सेंटर.
यंत्र अंगठा ओळखेना.
पूस, म्हणाला. परत ठेव.
मागे रांग खोळंबलेली,
पाठ केलेली सूत्रं घामासोबत उतरू लागली.

"काजी?" रजिस्टरवरच्या बाईंनी विचारलं,
आणि स्वतःचा अंगठा उलटा करून दाखवला,
जुना, गुळगुळीत, एकही रेघ नसलेला.
"दुसरा बोट लाव गो."

करंगळी चालली.