आकडी

मागच्या साली सांदवाडीत
कपड्यांची दोरी बांधली मी,
शेवंतीच्या वाफ्यावरून, सरळ.
वाफा राहिलाच कुठे होता?
बोअरचं पाणी मचूळ, तेही दिवसाआड.
भांड्यांचं पाणी पाजून पाजून
मोगरा कागदासारखा तपकिरी,
गुलाबाच्या बुडाला उधळी,
जास्वंद जगली, पण नुसत्या काड्या.

निशिगंधाचे कांदे उपटले
अन् न्हाणीमागे फेकले, रागानं.
रिकामी जागा कशाला ठेवा म्हणून
तुराट्यांचा ढीग रचला तिथं
आणि बसले शिलाई मशीनवर,
खिडकीकडे पाठ करून.

महालक्ष्म्यांना आर्वीहून प्लास्टिकच्या वेण्या आणल्या.
त्या काही म्हणाल्या नाहीत.
मीच पुसत राहिले फुलांवरची धूळ.

डोमाजी काका तेव्हाही यायचे, पहाटे पाचला,
सवयीनं.
एका हातात आकडी,
दुसऱ्यात दुधाची पिशवी, धुतलेली.
कुंपणाशी थांबायचे जरा,
मग आकडी खांद्याला लावून
मारुतीकडे चालू लागायचे.
वीस वर्षं भांडले मी या माणसाशी,
"काका, कळ्या तरी ठेवा!"
त्या साली भांडायलाही काही नव्हतं.
एकदाच म्हणाले,
"पंचफुले, पाच तरी ठेवायची होती."

यंदा मी काहीच केलं नाही, खरं सांगते.
पोळ्याच्या आधी चुलीसाठी तुराट्या ओढल्या
तर खाली गुलबक्षी.
पांढुरकी, वाकडी, अंधारात वाढलेली,
टोकाला एकच कळी.
चूल राहू दिली. गॅसवर केल्या पुरणपोळ्या.

मग न्हाणीमागे,
साबणाचं पाणी साचतं तिथं,
फेकलेले ते कांदे
कमरेएवढे उंच, देठभर पांढरे.
रात्री वास घरात आला तेव्हा
यांनी कूस बदलून विचारलं,
"अगरबत्ती लावली काय वं?"
मी म्हटलं, झोपा.

झेंडू कुठून आला, ठाऊक नाही.
मागच्या दसऱ्याच्या विकतच्या तोरणातून
सांडला असेल.
दोरी सोडली मी.
कपडे आता गच्चीवर.

आज पहाटे
कुंपणाशी खुसफुस.
आकडीचं टोक जास्वंदीत शिरलं,
फांदी वाकली, सुटली,
परत वाकली.
पिशवीत पडताना फुलांचा आवाज होतो,
हे एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं मला.
उठले. दाराशी गेले.
कडीवर हात ठेवला
आणि तशीच उभी राहिले, श्वास धरून,
माझ्याच घरात
चोरासारखी.
चार. पाच.
पाच झाली, काका.
सहा.
आता निशिगंध तिकडं आहे, न्हाणीमागे,
हे सांगू कसं?

उजाडल्यावर जाईन म्हणते भांडायला.
कळ्याही तोडल्या त्यांनी, दोन-चार.
तेवढं तर बोललंच पाहिजे.