डावा कप्पा

खोली नंबर सातमधला कूलर पुन्हा बंद.
बाहेर मे, सेहेचाळीस पॉइंट दोन,
मेडिकल चौकातलं डांबर चपला धरून ठेवतंय.
खुशाली नंदनवार, वय नऊ, वजन सतरा किलो,
कालच्या डायलिसिसनंतर सोळाला थोडं वर,
डाव्या कुशीवर वळते
मी सांगायच्या आत.

जेल गार लागतं, तिला बरं वाटतं.
"मॅडम, हे चाटता येते का?"

दिवसाला अर्धा लिटर पाणी,
डाळीतलं, गोळ्यांबरोबरचं धरून.
बाप पिशवीतून बाटली काढून दाखवतो,
बॉलपेनाने मारलेल्या तीन रेघा:
सकाळ, दुपार, रात्र.
आत्ता अकरा वाजलेत.
दुपारची रेघ उघडी पडली आहे.

मी प्रोब टेकवते.
पडद्यावर डावा कप्पा उघडतो, मिटतो.
भिंत साडेनऊ मिलिमीटर.
एवढ्याशा अंगाला साडेपाच पुरली असती.
किडन्यांनी काम सोडलं, दाब चढत गेला,
आणि हे मुठीएवढं पोर
ओझी वाहून वाहून दंड कमावून बसलं.
आकुंचन चांगलं. बासष्ट टक्के.
सैल व्हायला मात्र वेळ लावतं.

"म्हणजे?" बाप विचारतो.
मी शब्द शोधत राहते.
टांडापेठेत वीस वर्षं मागावर बसलेला तो,
त्यालाच आधी सापडतो:
"म्हणजे ताणा कडक झाला.
कडक ताण्यातूनबी धोटा जाते, मॅडम,
कापड दिसतेबी चांगलं.
पण सूत कधी ना कधी..."

थांबतो.
पोरीसमोर काय बोललो
ते त्याला उशिरा ऐकू येतं.

तिचं लक्षच नाही. ती पडद्याकडे बघते आहे.
"काहून एवढं धावून राह्यलं ते?
मी तं झोपून आहो."

रिपोर्टात ह्या प्रश्नाला रकाना नाही.
मी आकडे भरते, सही करते,
टिशू देते. ती स्वतःच पुसते,
बरगड्या एक-एक करून,
घरची भांडी पुसावीत तशी.

"तीन महिन्यांनी परत या."
ती बोटं मोडते: जून, जुलै, ऑगस्ट.
मग बापाच्या शर्टाची बाही ओढून,
त्याची समजूत काढावी तसं सांगते,
"ऑगस्टात तहान कमी लागते, बाबा."