मजकूर तोच

उंटवाडीच्या पुलाअलीकडे, मेडिकलच्या वरच्या गाळ्यात
माझं दुकान. टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन,
आणि महापालिका लागली की पाठिंबा.
पाठिंबा पन्नास रुपये पान.
लोगोसकट हवा असेल तर दोनशे.

नंदूकाका जेजुरकर येतात, चष्मा कपाळावर,
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात अडतीस रबरी शिक्के.
पवननगर रिक्षा स्टँड मित्रमंडळ.
पहाटे चालणाऱ्यांचा संघ.
एक ढोल पथक, ज्याचे ढोल गेल्या वर्षी विकले गेले.
तीन बचत गट, अध्यक्षा एकच.
"मजकूर तोच," काका म्हणतात, "वरचं नाव तेवढं बदल."

'प्रभागाच्या सर्वांगीण विकासासाठी
मा. दौलतअण्णा कोठुळे यांनाच उमेदवारी मिळावी,
ही पक्षश्रेष्ठींना नम्र विनंती.'
सर्वांगीण मी आता न बघता टाइप करते.

सह्या रविवारी होतात, मखमलाबाद रोडला, मिसळीवर.
गठ्ठा परत येतो तेव्हा
कुठल्या तरी पानावर तर्रीचा थेंब असतोच.
"असू दे," काका म्हणतात, "खरं वाटतं."

ज्येष्ठ नागरिक संघाचं पत्र. सातवी ओळ.
रंगनाथ सखाराम भालके.
"काका, हे बाबा आहेत."
काका पान चघळत राहिले.
"बाबा र-ला शेपूट काढायचे," मी म्हटलं. "लांब. खालच्या ओळीपर्यंत."
दोन वैशाख झाले त्यांना जाऊन.
"अगं, मतदारयादीत आहेत अजून," काका म्हणाले,
"यादीत आहे तोवर माणूस आपला."
मी पिन मारली.

त्याच संध्याकाळी सिंधू वाघचौरे आली.
दुसऱ्या दिवशी तिची मुलाखत, इच्छुकांत नंबर चौदा.
वहीचं एक पान, एकसष्ट बायका, निम्मे अंगठे.
"टाइप करून दे गं, नीट दिसेल."
"संस्थेचं नाव?"
"संस्था नाही. गल्लीचं टाक."
मजकूर दोन ओळींचा:
ड्रेनेजचं पाणी घरात यायचं.
सिंधूताई आठ महिने विभागीय कार्यालयात बसल्या, आता येत नाही.
अंगठे टाइप होत नाहीत. ते स्कॅन केले.
पन्नास रुपये मी घेतले. तिनं सुट्टे मोजून दिले.

अर्जाचा शेवटचा दिवस. मुदत तीनपर्यंत.
दोन चाळीसला एबी फॉर्म आला
एका पांढऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवरून,
गंगापूर रोडच्या बिल्डरच्या भाच्याला.
हर्षलभाऊ. त्यानं म्हणे वाटेत विचारलं,
पवननगरची पाण्याची टाकी नक्की कुठे लागते.

काका धापा टाकत जिना चढले.
"आणि अण्णा?"
"अण्णांना स्वीकृत देणारेत. शब्द आहे.
तू अडतीसही काढ परत. रात्री वाटायचीत."
"मजकूर?"
ते नुसते बघत राहिले माझ्याकडे.

शोधा: दौलतअण्णा कोठुळे.
बदला: हर्षलभाऊ.
सर्व बदला.
मग 'मिळावी'चं 'मिळाली', एका अक्षराचं काम,
आणि विनंतीच्या जागी जाहीर पाठिंबा.
पडदा म्हणाला, अडतीस ठिकाणी बदल झाला.
फोल्डरमधली एकोणचाळिसावी फाइल सिंधूची होती.
तिच्यात यंत्राला शोधण्यासारखं काही सापडलं नाही.

ज्येष्ठ नागरिकांच्या पत्रात
सातवी ओळ मी रिकामी सोडली.
नुसता आकडा, पुढे टिंबं.

आठ वाजता, शटर अर्धं ओढलेलं असताना
काका वाकून आत आले. पानं मोजली.
सातव्या ओळीशी थांबले,
खिशातलं पेन काढलं, माझ्याकडे बघितलंही नाही,
आणि सही केली.
र-ला शेपूट काढून.
लांब, खालच्या ओळीपर्यंत.